विश्लेषण : अमेरिकेत रुग्ण डॉक्टरांपासून गांजा का लपवतात? बंदूक कायद्याशी त्याचा संबंध काय?

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ विचारतात, ‘गांजा घेता का?’ अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत औषध म्हणून गांजा वैध आहे. तरीही घरात बंदूक असलेला रुग्ण या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याचा धोका असतो. राज्यांनी दिलेली मुभा आणि केंद्रीय बंदूक कायदा यांच्यातील विसंगती हे त्याचे कारण.

कायदा काय सांगतो?

कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये वैद्यकीय गांजाला सर्वप्रथम परवानगी दिली. मात्र केंद्राने १९७० च्या कायद्याने गांजा सर्वाधिक कडक निर्बंधांच्या पहिल्या अनुसूचीत टाकला होता. १९६८ च्या ‘गन कंट्रोल ॲक्ट’नुसार अमली पदार्थाचे बेकायदा सेवन करणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने यासाठीची कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षे झाली. परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना ‘फॉर्म ४४७३’ भरावा लागतो. त्यात गांजाबाबत थेट प्रश्न असतो. खरे सांगितले तर खरेदी अडते, खोटे सांगितले तर तो स्वतंत्र गुन्हा ठरतो.

डॉक्टर सरकारला कळवतात का?

सर्वसाधारणपणे नाही. आरोग्यविषयक माहितीला ‘हिपा’ या १९९६ च्या कायद्याचे संरक्षण आहे. बंदूक खरेदीवेळी होणाऱ्या पार्श्वभूमी तपासणीत दवाखान्यातील नोंदी पाहिल्या जात नाहीत. परंतु न्यायालयाच्या आदेशाने त्या उघड होऊ शकतात. वैद्यकीय गांजाची कार्डे देणाऱ्या सरकारी नोंदवहीचा प्रश्न वेगळा. २०१७ मध्ये होनोलुलू पोलिसांनी अशा कार्डधारकांना ३० दिवसांत बंदुका जमा करण्याची पत्रे पाठवली होती. टीकेनंतर पोलिसांनी माघार घेतली. पण ‘नोंद झाली की अडकलो’ ही भीती अशाच घटनांतून बळावते.

लपवल्याने नुकसान कोणाचे?

रुग्णाचेच. नियमित गांजा घेणाऱ्याला भुलीचे औषध जास्त लागू शकते, शस्त्रक्रियेनंतर वेदनाही अधिक जाणवू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम गांजामुळे वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. म्हणूनच प्रादेशिक भूलतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०२३ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णाला गांजाबाबत विचारण्याची शिफारस केली.

बंदुकीची माहितीही तितकीच महत्त्वाची असते. आत्महत्येचे विचार येणाऱ्या रुग्णाच्या घरात शस्त्र कुलूपबंद आहे का, हे डॉक्टरांना कळायला हवे. फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांच्या अशा प्रश्नांवर निर्बंध आणले. २०१७ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने हे निर्बंध अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केले.

न्यायालयांची भूमिका काय?

वैद्यकीय गांजाचे कार्ड असलेल्यांना बंदूक विकण्यावरील बंदी एका अपील न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवली. मात्र २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदूक निर्बंधांसाठी ऐतिहासिक परंपरेचा निकष घातला. त्यानंतर टेक्साससह तीन राज्ये ज्याच्या कक्षेत येतात, त्या अपील न्यायालयाने, केवळ पूर्वी गांजा घेतला म्हणून नशेत नसलेल्या व्यक्तीकडून बंदूक काढून घेता येणार नाही, असा कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये टेक्सासचे असेच एक प्रकरण सुनावणीस घेतले.

भारतीयांनी काय लक्षात घ्यावे?

तेथील मराठी कुटुंबांसाठी धोका बंदुकीपुरता नाही. राज्यात वैध असलेला गांजाही ग्रीन कार्ड वा नागरिकत्वाच्या अर्जात अडचणीचा ठरू शकतो. ग्रीन कार्डसाठीची वैद्यकीय तपासणी इमिग्रेशन खात्यासाठी असते. ती नेहमीच्या डॉक्टरांची खासगी भेट नव्हे. त्यामुळे नेहमीच्या डॉक्टरांना खरे सांगावे. मात्र आपल्या नोंदी कोण पाहू शकतो, हे आधी विचारून घ्यावे आणि अर्ज करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.