42 अंशांत सूर टिकवायचा तर

ज्युपिटर-8 ची किंमत 5,295 डॉलर, टीआर-808 ची 1,195 आणि टीबी-303 ची 395. रोलँड कंपनीच्या या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यांची बेरीज 6,885 डॉलर. 1982 मध्ये डॉलर साडेनऊ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सुमारे 65 हजार रुपये, तेही आयात शुल्क न धरता. त्याच वर्षी मुंबईच्या चरणजित सिंग यांनी या तीन यंत्रांवर दहा रागांची तबकडी वाजवली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. पण 1982 मध्ये खामगाव-मेहकरच्या एखाद्या पोराकडे कितीही कान असला, तरी हा आवाज त्याच्या हाती येणं शक्य नव्हतं.

आज रोलँड स्वतःच ही तिन्ही वाद्यं सॉफ्टवेअरच्या, म्हणजे संगणकावरच्या प्लगइनच्या, रूपात विकते. उलट मूग कंपनीने 2022 मध्ये पुन्हा काढलेला मिनीमूग तेव्हा 4,999 डॉलरचा होता. डॉलर 85 रुपयांना धरला तर सव्वाचार लाख, आणि वाजतो एका वेळी एकच स्वर. यामाहाचा डीएक्स-7 1983 चा, 16 स्वरांचा. त्याची नक्कल करणारं ‘डेक्स्ड’ फुकट मिळतं आणि मूळ यंत्राचे आवाजही वाचतं. ‘सर्ज एक्सटी’ही फुकट. ध्वनिमुद्रणासाठी रीपरचा सवलतीचा परवाना 60 डॉलर, म्हणजे 5,100 रुपये. खर्चाच्या बाबतीत वादाला जागाच उरत नाही.

वाद उरतो तो दोन गोष्टींचा: विलंब आणि सूर.

‘प्लगइनमध्ये आवाज उशिरा येतो’ ही तक्रार मोजून पाहू. सेकंदाला 44,100 नमुने धरले आणि बफर 128 नमुन्यांचा ठेवला, तर उशीर होतो 2.9 मिलिसेकंदांचा, 512 ठेवला तर 11.6. ड्रायव्हर आणि इंटरफेस यात आणखी थोडी भर घालतात. आता हवेतला आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. कीर्तनात पेटीवाला पखवाजवाल्यापासून चार मीटरवर बसला, तर त्याला थाप 11.7 मिलिसेकंद उशिरा ऐकू येते, आणि तरीही दोघे समेवर एकत्र येतात. हार्डवेअरही या हिशोबातून सुटत नाही. वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या पाच पिनांच्या मिडी वायरीतून सेकंदाला 31,250 बिट जातात, एका स्वराच्या संदेशाला 30 बिट लागतात. म्हणजे दहा बोटांचा स्वरसमूह पोचायला जवळपास 10 मिलिसेकंद. खरी अडचण होते ती लॅपटॉपच्या साध्या साउंड ड्रायव्हरवर वाजवताना. तो दोष प्लगइनचा नाही. बरा ऑडिओ इंटरफेस घेतला की तो जातो.

सुराचा प्रश्न आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जास्त टोचतो. मे महिन्यात घाटाखाली, मलकापूर-शेगाव पट्ट्यात पारा 42 च्या पुढे जातो. अ‍ॅनालॉग सिंथमध्ये स्वराची उंची ट्रान्झिस्टरवर ठरते आणि ट्रान्झिस्टर तापमानाला धरून वागतो. भरपाईची सोय नसेल, तर एक अंश तापमान वाढलं की एका सप्तकाच्या अंतरावरचा स्वर सुमारे 4 सेंट (1,200 सेंट म्हणजे एक सप्तक) सरकतो. सकाळी 30 अंशांवर लावलेला सिंथ दुपारी 40 अंशांवर 40 सेंट हलेल. प्रमाणश्रुती असते 22 सेंटची. म्हणजे जवळपास दोन श्रुती! बनवणारे तापमान भरून काढणारे रोध बसवतात, त्यामुळे प्रत्यक्षात सरक बरीच कमी होते. पण जुन्या यंत्रांना आधी तापू द्यायचं आणि मग सुरात लावायचं, ही शिस्त त्यातूनच आली. प्लगइनचा सूर अंकांत असतो, तो हलत नाही. मात्र उष्णता लॅपटॉपलाही सोडत नाही: प्रोसेसर तापला की वेग उतरवतो आणि मुद्रणात कडकड येते.

प्लगइनचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा वेगळाच आहे. पट्टीच्या कीबोर्डवरचा शुद्ध गंधार 400 सेंटवर असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा 386 वर. 14 सेंटचा हा फरक गाणाऱ्याला खटकतो. ‘सर्ज एक्सटी’त स्वरांची फाइल घातली की गंधार जागेवर बसतो. मूळ डीएक्स-7 मध्ये ही सोय नव्हती. अभंग, भजनं मुद्रित करणाऱ्यांनी हे एकदा करून ऐकावंच.

मंचावर मात्र हार्डवेअरला तोड नाही. लग्नातला ऑर्केस्ट्रा, गणपतीतला कार्यक्रम, जनरेटरचा भरवसा नाही, धूळ उडतेय. अशा ठिकाणी यामाहाने भारतासाठी काढलेला पीएसआर-आय मालिकेतला कीबोर्ड बटण दाबलं की काही सेकंदांत वाजतो. आयुष्यही हार्डवेअरचंच जास्त. 1983 चा डीएक्स-7 आजच्या संगणकाशी मिडीने जोडता येतो. उलट 2019 मध्ये मॅकवरून 32 बिटची सगळी प्लगइन एका अपडेटने बाद झाली.

म्हणून माझा निवाडा असा: मंचावर हार्डवेअर, खोलीत प्लगइन. चिखली किंवा नांदुऱ्यात घरच्या खोलीत स्टुडिओ मांडणाऱ्याने पहिले पैसे ऑडिओ इंटरफेस, माईक आणि हेडफोनवर घालावेत, नंतर लहान मिडी कीबोर्ड घ्यावा. अ‍ॅनालॉग सिंथ यादीत सगळ्यात शेवटी, आणि तोही खोलीत कूलर लागल्यावरच.