वारीची पिशवी आणि खांद्याचे दुखणे

आषाढी जवळ येऊ लागली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न रोज दोन-चार वेळा तरी कानावर येतो. "डॉक्टरसाहेब, यंदा दिंडीला जाऊ का?" विचारणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो. कुणाला रक्तदाब, कुणाला साखर, कुणाचे गुडघे कुरकुरणारे. पूर्वी मी कागदावरून मान वर न करताच सांगत असे, "नको. घरूनच नमस्कार करा." असे सांगणे डॉक्टरला सोपे असते. त्याचा परिणाम काय होतो, हे मला एका मावशींनी शिकवले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या या मावशींचे वय ६२. रक्तदाबाची गोळी माझ्याकडूनच चालू होती. मी नको म्हटले आणि त्या मला न सांगता गेल्या. पंढरपूरहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी मुलगा त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. "डॉक्टर, माझा हात गेला," एवढे बोलून त्यांना रडू कोसळले. उजवा हात खांद्यातून वर होत नव्हता. केस विंचरता येत नव्हते, अंगठ्याकडच्या बाजूला मुंग्या येत होत्या. दुखत मात्र फारसे नव्हते. घरच्यांनी अर्धांगवायूच धरला होता.

मी तपासले. चेहरा सरळ, बोलणे स्पष्ट, पायात ताकद शाबूत. पदर बाजूला सरकवल्यावर उजव्या खांद्यावर मानेजवळ एक काळपट वळ दिसला. "मावशी, हे कशाचं?" "ते व्हय? पिशवीच्या बंदाचं हाय."

मुलाला मी ती पिशवी होती तशी भरून आणायला सांगितली. खताच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली झोळी आणि तिला सुतळीचा वळलेला बंद. आत दोन लुगडी, जाड चादर, पितळी तांब्या, ताट, शेंगदाण्याचे लाडू आणि गावातल्या घरांसाठी घेतलेला प्रसाद. काट्यावर ठेवली तर आठ किलो भरली. एवढे ओझे त्यांनी दहा-बारा दिवस एकाच खांद्याला अडकवून नेले होते. मी विचारले, "यात रक्तदाबाच्या गोळ्या कुठं आहेत?" मावशींनी मान खाली घातली. "तुमी नगं म्हणला व्हता. मग गोळ्या कोणत्या तोंडानं मागू?"

रक्तदाब १८०/१०० होता. हाताचे दुखणे पिशवीने आणले होते, पण या आकड्याला मी जबाबदार होतो.

खांद्यात नेमके काय होते?

मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसांचा एक जुडगा गळ्याच्या हाडामागून काखेत उतरतो आणि तिथून हातात जातो. सगळा हात याच नसांवर चालतो. अरुंद बंद, त्यावर ओझे आणि रोजची पाच-सहा तासांची चाल असली, की खांद्यावरून येणारा दाब या नसांना चेपतो. आधी मुंग्या येतात, मग हात जड वाटतो आणि शेवटी वर उचलेनासा होतो. पाठीवर बोजा घेऊन लांब चालणाऱ्या सैनिकांत हा प्रकार वैद्यकशास्त्राला जुन्या काळापासून ठाऊक आहे. ओझे थांबवले की बहुतेकांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो. मावशींना मी मेंदू-मज्जातंतूच्या तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनीही हेच निदान केले. व्यायाम सुरू झाला आणि अडीच महिन्यांनी मावशी पुन्हा आपल्या हाताने वेणी घालू लागल्या.

एक इशारा इथेच देतो. हात गेला म्हणजे पिशवीचाच दोष, असे कुणीही घरी ठरवू नये. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा एक मिनिटही न दवडता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

आजीची चुंबळ आणि नाथांची कावड

ओझे कसे न्यावे, हे आपल्या वाडवडिलांना चांगले कळत होते. आजी डोक्यावर चुंबळ ठेवून भरलेली घागर आणायची. घागरीचे वजन सरळ पाठीच्या कण्यावर येई आणि मान ताठ राही. कावडीला दोन्ही बाजूंना सारखे वजन असते, म्हणून ती नेणारा वाकडा होत नाही. पैठणच्या नाथांच्या घरी श्रीखंड्याने कावडीने पाणी भरले, असे आपण कीर्तनात ऐकतो. एका खांद्याला लटकणारी शबनम किंवा झोळी मात्र माणसाला एका अंगाला ओढते. तोल सांभाळायला तो दुसरीकडे झुकतो आणि मान, कंबर, गुडघे सगळेच कुरकुरू लागतात.

श्रीमंतांच्या खेळातही हीच अडचण होती. मुखेड तालुक्यातला एक तरुण पुण्यात गोल्फच्या मैदानावर कॅडीचे, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहण्याचे काम करतो. त्याची सासुरवाडी लातूरची, म्हणून तो सणासुदीला माझ्याकडे खांदा दाखवून जातो. या खेळात एका खेळाडूला १४ काठ्या नेण्याची मुभा असते. लोखंडी काठ्या, चेंडू, छत्री, पाणी मिळून पिशवी दहा-बारा किलोच्या घरात जाते आणि १८ खड्ड्यांचा पूर्ण खेळ म्हणजे आठ-दहा किलोमीटरची पायपीट. पूर्वी या पिशवीला एकच पट्टा असे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन्ही खांद्यांवर घ्यायचे पट्टे निघाले आणि पायी खेळणाऱ्यांत ते रुळले. तो तरुण म्हणाला, "साहेब, एकपट्टी पिशवी असली की संध्याकाळपर्यंत खांदा उतरतो. दोनपट्टी असली की तेच वजन निम्मं वाटतं." वजन तेवढेच राहते, फक्त ते दोन्ही खांद्यांवर वाटले जाते.

पिशवी निवडताना

लातूरहून पंढरपूर दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, तर नांदेडहून तीनशेच्या वर. एवढ्या चालीसाठी चप्पल आपण दहा जोड पाहून घेतो, पिशवी मात्र घरात सापडेल ती उचलतो. गंजगोलाईत घ्या की वजिराबादेत, महागडी पिशवी लागतच नाही. पुढच्या गोष्टी तेवढ्या पाहाव्यात.

एक, पट्टे दोनच हवेत. ते किमान तीन-चार बोटे रुंद आणि आतून मऊ असावेत, पण दाबल्यावर अगदी चपटे होणारे नसावेत. ते लांब-आखूड करता आले पाहिजेत.

दोन, पिशवी मानेच्या खालून कमरेपर्यंतच असावी. नितंबावर आपटणारी पिशवी दर पावलाला खांदा मागे ओढते. पट्टे ओढून ती पाठीला चिकटवून घ्यावी.

तीन, कमरेचा पट्टा असेल तर उत्तम. तो पोटावर न बांधता कमरेच्या हाडावर बांधावा, म्हणजे बरेचसे वजन खांद्यावरून कमरेवर उतरते. फार आवळू नये. आवळल्यास मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होऊ लागते. तसे झाल्यास पट्टा सैल करावा.

चार, रिकामी पिशवी हातात घेऊन पाहावी. ती स्वतःच दीड-दोन किलोची असेल तर दुकानातच ठेवावी. जाड कॅनव्हास टिकतो खरा, पण पावसात भिजला की जड होतो आणि लवकर वाळत नाही. हलके नायलॉनचे कापड बरे. आत सामानासाठी एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालावी, कारण पाण्याला न जुमानणारे कापड शिवणीतून गळतेच.

पाच, टिकाऊपणा कापडापेक्षा शिवणीवर ठरतो. पट्टा जिथे पिशवीला जोडलेला असतो, तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी शिवण आहे का, ते पाहावे. नसेल तर निघण्यापूर्वी चांभाराकडून मारून घ्यावी. चेन दहा वेळा उघडून-मिटून पाहावी. वाटेत पट्टा तुटला की माणूस त्याला गाठ मारतो आणि तीच गाठ खांद्यात रुतते.

सहा, दुकानदाराला सांगून पिशवीत चार किलोचे काहीतरी भरावे, पाठीवर घ्यावी आणि दुकानासमोर दहा मिनिटे चालावे. रिकामी पिशवी सगळ्यांनाच छान वाटते.

किती वजन, आणि आत काय?

केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे. लातुरात शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावे. वारकऱ्यांना मी हाच हिशोब सांगतो. ५० किलोच्या माणसाने पाच किलोंवर जाऊ नये आणि साठीच्या पुढे चार किलो पुष्कळ झाले. लक्षात ठेवा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एक बाटली ठेवावी आणि मुक्कामा-मुक्कामाला भरून घ्यावी.

बहुतेक दिंड्यांसोबत सामानाचा ट्रक किंवा टेम्पो असतो. अंथरूण, जादा कपडे, भांडी त्यात टाकावीत. पाठीवर फक्त पाणी, मेणकापड, एक जोड कपडे, थोडे खाणे आणि औषधे. जड वस्तू पाठीलगत मध्यभागी ठेवावी, हलकी बाहेरच्या बाजूला.

औषधे मात्र कधीही ट्रकमध्ये देऊ नयेत. ट्रक मुक्कामाला आधी पोहोचतो किंवा वाटेत अडकतो, तुम्ही भलतीकडेच असता. जाण्या-येण्याचे दिवस मोजून वर चार दिवसांच्या गोळ्या घ्याव्यात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरून ओले फडके लपेटून पिशवीच्या आत ठेवावे. उन्हात तापणाऱ्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नये आणि बर्फालाही लावू नये. साखरेचा आजार असणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर खावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, दवाखाना गाठावा. शेवटी एका चिठ्ठीवर नाव, गाव, घरचा फोन, आजार आणि औषधे लिहून ती पिशवीच्या आत शिवून टाकावी.

चालताना दर तासाला पिशवी उतरवून खांदे गोल फिरवावेत. मुंग्या आल्या तर "चालतंय की" म्हणून पुढे जाऊ नये. त्या दिवशी पिशवी ट्रकमध्ये टाकावी आणि औषधे तेवढी कनवटीला किंवा खिशात घ्यावीत.

आता मी काय करतो

त्या वर्षापासून मी सरसकट नको म्हणणे सोडले आहे. छातीत दुखते, पायाला जखम आहे, दोन पावलांत धाप लागते, अशांना मी आजही हात जोडून थांबवतो. बाकीच्यांना सांगतो, "निघायच्या आठ दिवस आधी या. येताना पिशवी भरून आणा." मग तपासणी होते, काट्यावर पिशवी चढते आणि काय काढायचे यावर आमची घासाघीस चालते. पितळी तांब्यावरून सर्वांत जास्त भांडण होते.

मावशी गेल्या वर्षी आल्या तेव्हा पाठीवर नातवाची जुनी शाळेची सॅक होती. वजन साडेतीन किलो. वरच्या कप्प्यातून त्यांनी आधी गोळ्यांची पाकिटे काढून टेबलावर मांडली आणि म्हणाल्या, "मोजून घ्या डॉक्टर, दिवस बराबर भरतेत का ते बघा." मी मोजली. चार जास्तच होती.

वाचकहो, तुमच्या घरातले कुणी यंदा निघणार असेल तर त्यांची पिशवी एकदा तुम्ही स्वतः पाठीवर घेऊन अंगणात फेरी मारा. तुम्हाला जड वाटली, तर त्यांना ती नक्कीच जड आहे.