गाठ आणि गोधडी

मैत्रिणींनो, मानेला किंवा काखेत गाठ आली की आपण काय करतो? आधी हळदीचा लेप, मग शेक, मग शेजारणीचा सल्ला. ‘दुखत नाही ना, मग राहू दे!’ असं म्हणत महिने काढतो. आमच्या मुरुममध्येही हेच, तुमच्याकडेही वेगळं नसेल.

अशी गाठ बहुधा साध्या जंतुसंसर्गाची असते, कधी क्षयाची, तर क्वचित लिंफोमा या रक्तपेशींच्या कर्करोगाची. वरून साऱ्या सारख्याच. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही कधी कधी तज्ज्ञ अडतात. तिथे क्लोनॅलिटीची तपासणी कामी येते. नाव अवघड, पण कल्पना आपल्या गोधडीइतकी सोपी!

आपल्या रक्तातल्या लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जनुकांचे तुकडे आपापल्या तऱ्हेनं जोडतात. सुसुमु तोनेगावा यांनी हे दाखवून दिलं आणि १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळवलं. जुन्या लुगड्यांच्या दोन गोधड्या कधी तंतोतंत सारख्या होतात का? तसंच हे. जंतूंशी झुंजताना नाना तऱ्हेच्या पेशी वाढतात. कर्करोगात मात्र एकच पेशी बिघडते आणि तिचीच पिलावळ माजते. म्हणजे साऱ्या गोधड्यांना तेच तुकडे, त्याच क्रमानं! प्रयोगशाळेत पीसीआर पद्धतीनं हे जोड तपासतात. आलेखावर पुष्कळ लहान टोकं आली तर पेशी अनेक तऱ्हांच्या. एकच उंच सुळका आला तर त्या एकीच्याच लेकी.

पण बरं का, अहवालात ‘क्लोनल’ शब्द दिसला म्हणून लगेच रडारड नको. साध्या आजारातही क्वचित सुळका दिसतो आणि कर्करोग असूनही कधी तो सापडत नाही. इतर तपासण्या आणि रोग्याची लक्षणं जुळवूनच डॉक्टर निदान करतात.

मग आपल्या हाती काय? गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, किंवा जोडीला ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. क्षयाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. नुसत्या अंदाजानं त्या सुरू झाल्या आणि आजार दुसराच निघाला, तर मोलाचा वेळ जातो. तुकडा काढण्याआधी मनानं स्टेरॉइड घेऊ नका. गाठ तात्पुरती विरते आणि निदान हुकतं. तुकड्याचा मेणातला ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्या, जपून ठेवा. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आली, तर त्या सोबत न्या. पुढच्या तपासण्या बहुधा त्यावरच होतात.

आणि हो, घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर मग स्वतःकडे बघू, असं या बाबतीत तरी म्हणू नका!