पाटीवरचा अनुस्वार गळू नये म्हणून

गुलमंडी, सिटी चौक, शहागंज या भागांतून जाताना कधी मान वर करून दुकानांच्या पाट्या वाचून पाहाव्यात. अ‍ॅक्रिलिकची कापीव अक्षरे लावलेल्या पाट्यांत कुठे वेलांटी लोंबकळते, कुठे 'रंग'चा 'रग' झालेला असतो. अक्षर शाबूत आणि टिंब गायब, हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. दुकानदार कारागिराला बोल लावतो, कारागीर टेपला. खरे कारण बहुधा या दोघांच्या मधे असते.

गेल्या काही वर्षांत या कामाला जोर आला, त्यामागे कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान असू नये असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर करण्यास केंद्राची मंजुरी आली आणि पत्त्याच्या ओळी बदलू लागल्या. पाटीवर मराठीच्या जोडीला उर्दू ठेवण्यास मनाई नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकाबाबत एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उर्दूच्या बाजूने निकाल दिला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

आता कामाकडे वळू. पुष्कळांचा समज असा की अक्षर वजनाने पडते. हिशेब करून पाहा. अ‍ॅक्रिलिकचे वजन घन सेंटिमीटरला सुमारे १.१९ ग्रॅम. शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाचे, ५ मिलिमीटर जाडीचे अक्षर भरते जेमतेम ६० ग्रॅम. व्हीएचबी जातीच्या चांगल्या अ‍ॅक्रिलिक फोम टेपला किलोमागे साधारण ५५ चौरस सेंटिमीटर चिकटभाग धरतात. म्हणजे या अक्षराला साडेतीन चौरस सेंटिमीटर टेपही पुरते! मग अक्षर पडते ते धुळीने, उन्हाने किंवा टेप भलत्याच पृष्ठभागावर चिकटल्याने.

उन्हाचे गणित आपल्या लिपीत जरा वेगळे आहे. इंग्रजी अक्षरे सुटी असतात. देवनागरीत शिरोरेषा सगळा शब्द जोडते, म्हणून एक मीटरचा शब्द म्हणजे एक मीटरची सलग पट्टी. मराठवाड्यात हिवाळ्यातल्या पहाटे पाटी १० अंशांवर असेल, तर मे महिन्याच्या दुपारी गडद रंगाची पाटी ६० अंशांपर्यंत जाऊ शकते. पन्नास अंशांच्या या फरकात मीटरभर अ‍ॅक्रिलिक साडेतीन मिलिमीटर वाढते आणि मागचे अ‍ॅल्युमिनियम सव्वा मिलिमीटरही वाढत नाही. ही ओढाताण टेपला सोसावी लागते. फोम टेप आपल्या जाडीच्या तिप्पट सरकणे सहन करते, तेव्हा १.१ मिलिमीटर जाडीची टेप निभावून नेते. नुसत्या गोंदाची पातळ ट्रान्सफर टेप मात्र टोकांपासून उचलायला लागते. लांब शब्द असेल तर शिरोरेषा दोन-तीन ठिकाणी केसभर फट ठेवून तोडावी. खालून ती दिसत नाही.

ट्रान्सफर टेप वाईट नव्हे. घराच्या नेमप्लेटला, दुकानाच्या आतल्या गुळगुळीत काचेला ती उत्तम. शीटच्या पाठीला आधीच चिकटवून लेसरवर एकदम कापली की टिंबालाही पुरती पाठ मिळते, हातकात्रीने बारीक तुकडे करत बसावे लागत नाही. फोम टेप लेसरवर वितळून कडेला काळी होते, ती कापल्यानंतरच लावावी. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, तो लेसरखाली कधीही घालू नये. त्यातून निघणारी आम्लाची वाफ मशीन गंजवते, आणि फुप्फुसांचे तर विचारूच नका.

बाजारातली पिवळसर, स्पंजासारखी स्वस्त डबल टेप पाणी पिते आणि एक-दोन उन्हाळ्यांत भुगा होते. ती बाहेरच्या पाटीला वापरणे म्हणजे तेच काम पुन्हा फुकट करण्याची तयारी ठेवणे. इन्स्टंट गोंदाने कडेला पांढरी वाफ धरते आणि लेसरने कापलेल्या कडांना बारीक तडे जाऊ शकतात. क्लोरोफॉर्म अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅक्रिलिक जोडण्यासाठीच, तोही दार-खिडकी उघडी ठेवून. गोल्डन मिरर अक्षरांत टेप धरते ती मागच्या रंगाच्या थराला. तो थर सुटला तर टेपचा काय दोष? तिथे न्यूट्रल सिलिकॉन वापरावे. सिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन आरशाचा थर खाते.

लावण्याची रीत सांगतो. एसीपीवरची आणि अक्षराच्या पाठीवरची संरक्षक फिल्म आधी काढावी. हसू येईल, पण पाठीची फिल्म तशीच ठेवून तिच्यावर टेप लावलेली अक्षरे पडतातच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन स्वच्छ फडक्याने एका दिशेने पुसावे, अक्षराच्या कडेवर ओल थांबू देऊ नये. थिनर, पेट्रोल अजिबात नको. टेप कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत, पट्ट्यांमध्ये पाणी निघून जायला वाट ठेवून लावावी. पूर्ण आकाराचा कागदी साचा पाटीवर चिकटवून शिरोरेषेला सुतळी ताणावी, कारण ही टेप एकदा टेकली की सरकत नाही. मग प्रत्येक अक्षर अंगठ्याने जोर लावून दाबावे. पकड दाबण्यानेच येते. वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि पुरी व्हायला तीन दिवस. भर दुपारच्या तापल्या पाटीवर किंवा पावसाळी ओलीत काम धरू नये.

चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर टेप भिंतीला चिकटतच नाही, तिच्या भुकटीला चिकटते. तिथे आधी एसीपीची पट्टी स्क्रूने बसवून तिच्यावर अक्षरे लावावीत. शंका असेल तर टेपचा तुकडा लावून दुसऱ्या दिवशी ओढून पाहा. फोम मधून फाटला तर जोड उत्तम. टेपवर पांढरी पूड आली तर दोष भिंतीचा.

राहिली टिंबे. अनुस्वाराला जागाच नखाएवढी, त्यामुळे एका कोपऱ्यात धूळ राहिली तरी निम्मी पकड गेली. उर्दूत तर चेचे दोन नुक्ते गळाले की जीम उरतो आणि 'चाय'ची 'जाय' होते. सुट्या टिंबाच्या मागे टेपचा गोल तुकडा आणि बाजूला सिलिकॉनचा एक थेंब द्यावा. सिलिकॉन सुकेपर्यंत टेप धरून ठेवते. त्याहून बरे म्हणजे मागे पाटीच्याच रंगाची किंवा पारदर्शक बारीक पट्टी कापून टिंब अक्षराला जोडूनच ठेवणे. रस्त्यावर, डोक्यावरून उंच असलेल्या मोठ्या अक्षरांना मात्र नुसती टेप नकोच, मागून स्टड किंवा स्क्रू हवा.

पत्ता बदलताना जुनी अक्षरे पटाशीने उचकटू नयेत. हेअर ड्रायरने गरम करून मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने मागून करवतीसारखे कापावे, म्हणजे एसीपीचा रंग वाचतो. नवे नाव लांब असल्याने तेवढ्याच जागेत अक्षरे बारीक होतात आणि टेपला पाठ कमी मिळते. भाव सांगताना हे आधीच बोलून घ्यावे, टेपचा खर्च बिलात वेगळा दाखवावा आणि टेपची जात लिहून द्यावी. अनुस्वार मात्र जुन्या नावातही एक होता आणि नव्यातही एकच आहे.