वगळत वगळत घडलेलं इंजिन

आंबवड्यात नागेश्वराचं देऊळ आहे, संस्थानकाळातला झुलता पूल आहे; रेल्वे मात्र नाही. सगळ्या भोर तालुक्यातूनच रूळ जात नाहीत. इथल्या पोराला आगगाड्यांचा छोटा संसार पाहायचा तर एसटीनं पुणं गाठून कोथरूडला जावं लागतं. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून तिथं लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, उड्डाणपूल आणि शहरभर पळणाऱ्या गाड्या पाहून मुलं हरखतात. एखादा मोठा माणूस मात्र घरी टेबलावर रूळ मांडायचे, हे ठरवूनच बाहेर पडतो.

असा छंद जडला की कधीतरी जर्मनीच्या ५२ वर्गाच्या वाफेच्या इंजिनाशी गाठ पडते. मार्कलिन, रोको यांसारख्या कंपन्यांनी ते १:८७ या प्रमाणात विकलं आहे. पेटीतून काढून रुळावर ठेवलं की झालं, असं वाटतं. पण हे इंजिन मांडणीत खरं दिसायला हवं असेल, तर आधी त्याच्या अंगावर काय नाही ते शोधावं लागतं.

१९४१च्या हिवाळ्यात रशियात जर्मन इंजिनं गोठून बंद पडत होती. नवी हजारोंनी हवी होती, पण तांबं, पोलाद आणि कुशल हात तिन्हींचा तुटवडा होता. म्हणून ५० वर्गाचं चांगलं चालणारं इंजिन समोर ठेवून अभियंत्यांनी त्यावर कात्री चालवली. त्याच्या सुमारे ६,००० भागांपैकी हजारेक भाग काढून टाकले, आणखी कितीतरी सोपे केले. पाणी आधी तापवून बॉयलरला देणारं यंत्र गेलं. धूर वळवणारे बाजूचे मोठे पत्रे गेले. थंडीसाठी ड्रायव्हर-फायरमनची केबिन मात्र बंदिस्त झाली. पुढं एक आस, मागं जोडदांड्यांनी बांधलेले पाच. प्रत्येक आसावर फक्त १५ टनांच्या आसपास भार, म्हणजे पूर्वेकडच्या कच्च्या रुळांवरही ते चालावं. पहिलं इंजिन सप्टेंबर १९४२मध्ये बोर्सिगच्या कारखान्यातून बाहेर पडलं. त्यानंतर सहा हजारांहून जास्त बनली.

एवढी बनली म्हणून सगळी सारखी नव्हती. बहुतेकांमागे अर्धगोल तळाचा, टबासारखा टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) असे. व्हिएन्नाच्या फ्लोरिड्सडॉर्फ कारखान्यातल्या अनेकांना वेगळा, ताठ सांगाड्याचा. हेन्शेलनं काहींना वाफेचं पुन्हा पाणी करणारा लांबलचक टेंडर जोडला, म्हणजे वाटेत पाण्याची टाकी नसली तरी गाडी दूर जावी. युद्धानंतर हीच इंजिनं पोलंड, सोव्हिएत संघ, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान अशी पांगली. कुठं पत्रे परत लागले, कुठं बॉयलर बदलला, पूर्व जर्मनीत तर ती १९८०च्या दशकातही कामावर होती. म्हणून अभ्यासाचा पहिला प्रश्न रंगाचा नाही, सालाचा. १९४३चं करडं इंजिन आणि १९६०चं काळं इंजिन यांत नंबर सोडून बरंच काही वेगळं असतं. त्या सालाचे फोटो, कारखान्याचे आराखडे आणि डेपोच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात.

ताडताना कारखान्याच्या पाटीशी थांबावं. बाबेल्सबर्गहून आलेल्या ५२ वर्गाच्या इंजिनांवर ‘एमबीए’ हे नाव आढळतं. हा कारखाना मुळात ओरेनस्टाइन आणि कोपेलचा, म्हणजे १९०७मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेला घाटातली वळणं घेणारी इंजिनं पुरवणाऱ्या कंपनीचा. संस्थापक ज्यू होते, म्हणून नाझी राजवटीत कंपनी हिसकावली गेली आणि जुनं नावही पुसलं गेलं. माथेरानच्या रुळांवर ज्यांच्या नावाची इंजिनं चालत राहिली, त्यांच्याच कारखान्यात त्यांचं नाव लिहायची बंदी आली.

वगळण्याची ही दुसरी बाजू मॉडेलच्या पेटीवर येत नाही. ही इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यांत सक्तीचे मजूर राबत होते. ज्या जर्मन रेल्वेनं ती वापरली, तिनंच बंद डब्यांतून लाखो माणसं मृत्युछावण्यांकडे नेली. १९४३ साल निवडून रुळावर मालगाडी लावणाऱ्यानं डब्यांच्या दारांचे कडी-कोयंडे अचूक करावेत आणि आत कोण होतं हे विचारू नये, हा अभ्यास अर्धाच. छंद सोडायची गरज नाही. मांडणीशेजारच्या माहितीच्या पाटीवर चार ओळी वाढवल्या की पुरे.

याच पद्धतीनं घरचं इंजिनही करता येईल. ५२ वर्ग बनवणाऱ्या म्युनिकच्या क्राउस-माफाईनं स्वातंत्र्यानंतर भारताच्या मीटरगेजसाठी वायपी वर्गाची इंजिनं दिली आणि टेल्कोला जमशेदपुरात ती बनवायला मदत केली. पुणे-मिरज मार्गही रुंद होण्याआधी मीटरगेजच होता. १:८७ प्रमाणात मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचे रूळ बाजारात मिळतात. वायपी निवडा, साल ठरवा, आणि त्या साली डेपोत काम केलेले निवृत्त फिटर अजून भेटतात तोवर त्यांना गाठा.