वकीलसाहेब बोलेनासे झाले म्हणजे

आमच्या मामांचा भाडेकरूशी दावा सुरू झाला तेव्हा वकीलसाहेबांकडे गेल्यागेल्या चहा येत असे. सातव्या वर्षी कारकून दारातूनच सांगू लागला, "साहेब कामात आहेत, तारीख कळवू." मामा घरी येऊन मामींवर चिडत. वकिलांवर चिडण्याची छाती नव्हती. कागद सारे तिकडे अडकलेले!

हीच भीती पुष्कळांना गप्प बसवते. वास्तविक, फी राहिली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिला आहे. राहिलेली फी वसूल करायला त्यांना कायद्याचे इतर मार्ग मोकळे आहेत.

मामी म्हणाल्या, "अहो, भांडण नंतर करा. आधी दाव्यात काय चाललंय ते तर बघा!" दाव्याचा सोळा आकडी-अक्षरी क्रमांक ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर घातला की मागच्या-पुढच्या तारखा घरबसल्या दिसतात. पाहतात तो काय, न्यायाधीशांची बदली झाल्याने चार तारखा नुसत्याच पुढे गेलेल्या. निम्मा राग तिथेच ओसरला. (शेजाऱ्यांचे सल्ले घेऊन मामा दिवसातून तीनदा फोन करीत, हेही त्या दिवशी कबूल झाले.)

उरलेला निम्मा राग मात्र खरा होता. दिलेल्या पैशांची एकही पावती नव्हती. मग मामींनी सरळ पत्र लिहविले: आजवर किती फी पोचली, पुढे किती लागेल, साक्ष केव्हा, आणि फाइलीची नक्कल केव्हा मिळेल?

वकील बदलता येत नाही असे नाही. कोर्टाच्या परवानगीने जुने वकीलपत्र रद्द करून नवे दाखल करता येते. रीत म्हणून आधीच्या वकिलांची ना-हरकत घेतात. पण उलटतपासणी ऐन रंगात असताना वकील बदलणे महागात पडते. लबाडीच झाली असेल तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करावी. ग्राहक मंचाकडे मात्र धावू नये. वकिलाच्या कामातील उणिवेची दाद तिथे मागता येत नाही, असे २०२४ साली ठरले आहे. आणि फोन न उचलणे म्हणजे काही लबाडी नव्हे!

पत्राला आठवड्याने उत्तर आले. सोबत हिशेब आणि नक्कलही. पावत्या जुन्या सगळ्या मिळाल्या नाहीत, नव्या मिळतात. वकील तेच आहेत, दावाही चालूच आहे. फाइलीची नक्कल मामींच्या कपाटात असते, पैठणीच्या खाली.