काकांचा ऑफसेट

डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरला की सातपूर एमआयडीसीतली पहिली पाळी हात चोळतच सुरू होते. अशाच दिवसांत तिथल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी सर्कलच्या बैठकीला बसलो होतो. मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा कारखाना. टेबलावर लाल रंग फासलेले बुश. बोअर (आतलं भोक) मोठा झालेला, म्हणजे रिवर्कलाही वाव नाही. सगळे भंगारात.

"ऑपरेटर नवीन होता, लक्ष नव्हतं त्याचं," सुपरवायझरनं आल्या आल्या निकाल लावला. बऱ्याच ठिकाणी बैठक इथेच आटोपते. कारणाच्या रकान्यात 'निष्काळजीपणा', उपायाच्या रकान्यात 'समज दिली', आणि फाइल बंद.

क्वालिटीतल्या मुलीनं मात्र तपासणीचा कागद पुढे सरकवला. "सर, हे सगळे पीस सात ते आठमधले आहेत. नंतर एकही नाही."

मग इतका वेळ गप्प बसलेले काका बोलले. त्या सीएनसी लेथवर त्यांची अनेक वर्षं गेलेली; मध्यंतरी एका लग्नासाठी रजेवर होते, म्हणून नवा मुलगा उभा केला होता. "सकाळी मशीन गार असतं. सुरुवातीच्या पीसला मी थोडा ऑफसेट देतो, म्हणजे टूलचं माप जरा सरकवतो. गरम झालं की परत काढून घेतो."

"काका, मग कधी सांगितलं नाहीत?"

"सांगून काय? तुम्हाला सेटिंग जमत नाही, असंच म्हणाले असते."

काका हुशार होते म्हणूनच बिघाड कधी कुणाला दिसला नाही, ही गोष्ट मला जास्त बोचली. रोज सकाळी ते प्रश्न निस्तरत होते आणि त्याच हातानं झाकतही होते. दोष मात्र त्यांचा कसा म्हणायचा? अडचण सांगणाऱ्याच्याच गळ्यात ती पडत असेल, तर शहाणा माणूस तोंड उघडत नाही.

हिशेब तसा साधा आहे. पोलादाची 1 मीटर लांबी तापमान 1 अंशानं वाढलं की सुमारे 12 मायक्रॉननी वाढते. अर्ध्या मीटरचा बॉलस्क्रू चालून चालून 5 अंशांनी तापला की झाले 30 मायक्रॉन. बोअरला सूट होती 25 मायक्रॉनची. सगळी मापं गरम मशीनवर बसवलेली, आणि पहिली पाळी सुरू व्हायची गार मशीनवर.

क्वालिटी सर्कलची चळवळ जपानात 1962 मध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकारानं सुरू झाली. भारतात 1980 मध्ये हैदराबादच्या 'भेल'नं ती आणली. एकाच विभागातले सहा ते दहा जण आपणहून एकत्र येतात, आठवड्यातून तासभर बसतात आणि आपल्याच कामातली अडचण सोडवतात, अशी मूळ कल्पना. इशिकावांचा फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यांसारखी कारणांची आकृती, आज सातपूर-अंबडच्या भिंतींवर जागोजागी लटकलेला दिसतो: माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप, वातावरण. पण क्वालिटी सर्कलच्या स्पर्धेतल्या सादरीकरणासाठी उत्तर आधी ठरवून काटे मागाहून भरलेले फिशबोनही मी पुष्कळ पाहिलेत. 'माणूस' हा काटा भरायला सर्वांत सोपा, म्हणून तोच आधी भरतो. टोयोटाच्या ताइची ओनोंनी रुजवलेलं पाच वेळा 'का' विचारणंही दुसऱ्याच प्रश्नाला एखाद्या कामगाराच्या नावावर येऊन थांबतं. त्या दिवशी ते थांबलं नाही, कारण कागदावर वेळ लिहिलेली होती.

उपाय निघाला तो असा: पाळी सुरू झाली की पंधरा मिनिटं मशीन रिकामं फिरवायचं, वॉर्म-अपचा प्रोग्रॅम लावून. यावर सुपरवायझर उसळला. "पंधरा मिनिटांचे पीस कुणाच्या टार्गेटमधून कापू?" त्याचंही खरं होतं; त्याला महिन्याअखेरीस आकडेच दाखवावे लागतात. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी मालकांना खाली बोलावलं. थंडी आहे तोवर ही पंधरा मिनिटं टार्गेटमधून वजा करू, असं त्यांनी कबूल केलं.

मंडळी उठायला लागली, तर काका म्हणाले, "साहेब, सुट्टीनंतर मे महिन्यातसुद्धा मशीन गारच असतं."

मालक परत बसले. वर्षभर, प्रत्येक सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाची मापं वेगळ्या कागदावर लिहायची ठरली. कागद काकांकडे दिला.